शिकाऊ गाइड डॉग समोर आला, तर आपण कसे वागावे?

गवतफूल (न्यू जर्सी)

गेल्या नऊ महिन्यांपासून आमच्या घरी ओपल नावाची एक लॅब्रॅडॉर वाढते आहे. ती आमची नाही. मॉरिसटाउन येथील 'द सीइंग आय' या संस्थेने ती आठ आठवड्यांची असताना आमच्याकडे सोपवली आणि साधारण सव्वा वर्षाची झाली की ती संस्थेकडे परत जाईल. तिथे जवळजवळ चार महिने तिचे खरे प्रशिक्षण होईल आणि त्यात ती टिकली, तर एखाद्या अंध व्यक्तीची वाटाडी, म्हणजेच गाइड डॉग, म्हणून ती पुढची कित्येक वर्षे काम करील. तोपर्यंत आमच्याकडे एवढेच काम आहे की, दुकान, बस, जिना, लिफ्ट, पाऊस, गर्दी अशा माणसांच्या जगात तिला शांतपणे वावरायला शिकवायचे. हा धागा तक्रारीसाठी काढलेला नाही. मला आपल्या लोकांचा सल्ला हवा आहे.

दोन आठवड्यांपूर्वी आमच्या भागात मंगळागौरीच्या खेळांचा कार्यक्रम झाला. आयोजकांची आधी परवानगी घेऊन मी ओपलला बरोबर नेले होते. फुगड्या, झिम्मा, टाळ्या, पन्नास-साठ बायकांचे एकदम हसणे, हे सगळे तिने माझ्या खुर्चीखाली, हनुवटी माझ्या पावलावर ठेवून ऐकले. फक्त तिच्या कानांची टोके अधूनमधून हलत होती. त्या दीड तासाचे मला इतके समाधान वाटले होते की, जेवणाच्या वेळी मी थोडी निर्धास्त झाले. पट्टा मनगटात अडकवून मी शेजारणीशी बोलत असताना एका वयस्क गृहस्थांनी खाली वाकून, अतिशय मायेने 'यू यू' करत, तिला बेसनाचा अख्खा लाडू भरवला.

लाडवात बेदाणे होते. बेदाणे, मनुका आणि द्राक्षे कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात आणि कोणत्या कुत्र्याला किती बेदाण्यांनी बाधा होईल हे आधी सांगता येत नाही. आम्ही तसेच उठून तातडीच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो, तिला औषध देऊन ओकवले गेले आणि पुढचे दोन दिवस रक्ताच्या तपासण्या झाल्या. आता ती पूर्ण बरी आहे.

मात्र दुसरे नुकसान अजून भरून निघालेले नाही. माणसाच्या हाताकडे दुर्लक्ष करायला तिला शिकवताना आमचे कित्येक महिने गेले होते, आणि त्या एका लाडवानंतर तिच्या नाकाच्या उंचीवर लोंबणारा प्रत्येक हात ती हुंगू लागली आहे. काल किराणा दुकानाच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या बाईंच्या मुठीकडे ती मान लांबवून पाहत होती. तिची चूक नाही, आणि त्या गृहस्थांचीही नाही, कारण त्यांना कुणी काही सांगितलेच नव्हते. तीन आठवड्यांनी मंडळाचा गणेशोत्सव आहे. कुणाचे मन न दुखावता, पण प्रत्येकाला नीट समजेल अशा शब्दांत आपल्या लोकांना हे कसे सांगावे?

उंबरठा (नाशिक)

ओपल बरी आहे हे वाचून जिवात जीव आला. एक शंका मोकळेपणाने विचारते, राग मानू नये. आपल्याकडे दाराशी आलेल्या कुत्र्याला भाकरीचा तुकडा घालणे हा संस्कार आहे. माझी आजी पहिली पोळी गाईची आणि शेवटची कुत्र्याची असे म्हणत असे आणि ती पोळी वेगळी काढल्याशिवाय स्वतः जेवायला बसत नसे. त्या काकांनी लाडू दिला तो याच भावनेने दिला असणार. मग ज्या जिवाला कुणी हात लावायचा नाही, कुणी खाऊ घालायचा नाही, कुणी हाक मारायची नाही, त्याचे बालपण आपण हिरावून घेत नाही का?

गवतफूल (न्यू जर्सी)

ताई, हा प्रश्न मला माझ्या सासूबाईंनीही पहिल्या आठवड्यात विचारला होता, त्यामुळे राग येण्याचे काहीच कारण नाही.

ओपलच्या अंगावर प्रशिक्षणाचे जॅकेट असते तेव्हा ती शाळेत असते. घरी आल्यावर जॅकेट निघते आणि मग ती अंगणात धावते, चिखलात लोळते, माझ्या मुलीच्या मांडीवर डोके ठेवून पोट खाजवून घेते. तिचे लाड होतात, फार होतात. फक्त ते कुणी आणि केव्हा करायचे हे ठरलेले आहे.

यामागचे कारण मला स्वतःला कळायलाही काही महिने लागले. ओपलला शिकवणारी मी एकटी नाही. ज्या ज्या माणसाशी तिची गाठ पडते, तो प्रत्येक जण तिला काहीतरी शिकवतो, मग त्याला ते ठाऊक असो वा नसो. दहा माणसे तिच्याकडे न पाहता निघून गेली आणि अकराव्याने कौतुकाने थोपटले, तर तिच्या लेखी 'माणसांकडे दुर्लक्ष कर' हा धडा खोडला जातो आणि 'वाट पाहा, कुणीतरी थोपटेलच' हा नवा धडा लिहिला जातो. कधीतरी मिळणारे बक्षीस रोज मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा जास्त चिवट सवय लावते, हे कुत्र्यांच्या बाबतीत फार खरे आहे.

खाण्याचे तर विशेषच आहे. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये लॅब्रॅडॉरमधील एका जनुकीय बदलाबद्दल लिहिले होते. त्या बदलामुळे कुत्र्याची भूक भागल्यासारखी होत नाही. सर्वसाधारण लॅब्रॅडॉरमध्ये तो सुमारे चौथ्या हिश्श्यात आढळला, पण त्यांनी तपासलेल्या, माणसांना मदत करणाऱ्या लॅब्रॅडॉरमध्ये तीनचतुर्थांश कुत्र्यांत तो होता. हे वाचल्यावर मला ओपलची दया आली आणि आदरही वाटला. खाऊसाठी शिकण्याची उमेद तिला कदाचित ज्या भुकेतून मिळते, त्याच भुकेला दुसऱ्याच्या ताटापाशी तिला आवरायचे असते.

पाऊलवाट (पेनसिल्व्हेनिया)

आमच्या घरातून आतापर्यंत पाच पिल्ले मोठी होऊन गेली. तिघे गाइड डॉग झाले, एकाला कमरेच्या सांध्याच्या दोषामुळे थांबवावे लागले आणि एक वादळाच्या गडगडाटाला घाबरत असे म्हणून आता आमच्याच घरी निवृत्तीचे आयुष्य जगतो आहे. गवतफूल यांनी पिल्लाची बाजू मांडली. मी थोडे पुढचे सांगतो, कारण हात लावू नका असे का म्हणतात हे हार्नेसपाशी गेल्याशिवाय पुरते कळत नाही.

गाइड डॉगच्या पाठीवर हार्नेस असतो आणि त्याला एक ताठ मूठ जोडलेली असते. अंध व्यक्तीचा डावा हात त्या मुठीवर असतो. पट्टा लवचीक असतो, त्यातून फारसे काही कळत नाही. या ताठ मुठीतून मात्र कुत्र्याच्या खांद्यांची प्रत्येक हालचाल माणसाच्या तळव्यात पोहोचते. कुत्रा हळू झाला, डावीकडे कलला, थबकला, पुढचे पाय पायरीवर ठेवून उभा राहिला, हे सगळे माणूस हाताने वाचत असतो. आता अशा वेळी रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या कुणी 'च् च्' केले, तर आधी कुत्र्याचे कान वळतात, मग डोळे, मग मान आणि शेवटी खांदा. खांदा दोन बोटे सरकला की मूठ सरकते आणि मुठीबरोबर माणसाची दिशा. फुटपाथच्या कडेशी हे घडले, तर पुढचे पाऊल वाहत्या रस्त्यावर पडू शकते. हाक मारणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही. त्याला फक्त एक गोड कुत्रा आपल्याकडे पाहताना दिसतो.

पिल्लांना हार्नेस नसतो. त्यांना केवळ जॅकेट असते, म्हणून लोकांना वाटते की हे तर अजून लहान आहे, याला काय हरकत आहे. माझ्या अनुभवात नेमकी याच वयातली सवय पुढे सर्वांत जड जाते.

निवृत्तमास्तर (सातारा)

फार माहितीपूर्ण धागा आहे. एक भाबडा प्रश्न विचारतो. हे कुत्रे सिग्नलचा लाल-हिरवा दिवा ओळखतात का? आणि 'अमुक दुकानात चल' म्हटले की नेतात का?

पाऊलवाट (पेनसिल्व्हेनिया)

मास्तर, बहुतेकांना असेच वाटते. कुत्र्यांना लाल आणि हिरवा रंग आपल्यासारखा वेगळा दिसत नाही, त्यामुळे सिग्नल वाचणे हे त्यांचे काम नसते. कुठे जायचे आहे, किती चौक ओलांडायचे आहेत, कुठे वळायचे आहे, हे सगळे माणसाच्या डोक्यात असते. तो 'फॉरवर्ड', 'लेफ्ट', 'राइट' अशा आज्ञा देतो. चौकात तो थांबून वाहनांचा आवाज ऐकतो, आपल्या समांतर दिशेची वाहने सुटली की रस्ता ओलांडण्याचा निर्णय घेतो. खड्डा, खांब, उभी सायकल, डोक्याला लागेल अशी फांदी, पायरी, फुटपाथची कड यांपासून वाचवणे हे कुत्र्याचे काम.

या कामाचा कळस म्हणजे आज्ञा मोडणे. माणसाने 'फॉरवर्ड' म्हटले आणि त्याच क्षणी एखादी गाडी वळून आली, तर कुत्र्याने हलायचे नाही, प्रसंगी मागे सरायचे. हे शिकवताना संस्थेचीच माणसे मुद्दाम गाड्या आडव्या आणतात आणि पुढे प्रशिक्षक स्वतः डोळ्यांवर पट्टी बांधून कुत्र्याची परीक्षा घेतात. फारसा आवाज न करणाऱ्या विजेच्या गाड्या आल्यापासून या धड्याचे महत्त्व वाढले आहे.

म्हणूनच चौकात उभ्या असलेल्या अंध व्यक्तीला वाहनचालकाने हॉर्न वाजवून किंवा 'जा, जा' असे ओरडून मदत करू नये. हॉर्नमुळे ज्या आवाजांवर निर्णय अवलंबून आहे तेच झाकले जातात. गाडी थांबवायची, गप्प राहायचे आणि वाट पाहायची. पांढरी काठी किंवा गाइड डॉग घेऊन रस्ता ओलांडणाऱ्या अंध व्यक्तीसाठी थांबणे इथे कायद्यानेच बंधनकारक आहे.

पांढरीकाठी (पुणे)

मी अंध आहे आणि हा धागा स्क्रीन रीडरवर ऐकतो आहे. माझ्याकडे कुत्रा नाही, काठी आहे. आमच्या रस्त्यांवर गाइड डॉग घेऊन फिरणे आज तरी मला शक्य वाटत नाही. फुटपाथ मध्येच संपतो, त्यावर दुचाकी चढतात आणि प्रत्येक गल्लीची स्वतःची कुत्री असतात, जी परक्या कुत्र्याला आत येऊ देणार नाहीत. तरीही इथे लिहावेसे वाटले, कारण तुम्ही जे सांगत आहात ते मला रोज भेटते.

मी रस्ता ओलांडायला उभा राहिलो की कुणीतरी न विचारता माझा दंड धरतो आणि मला ओढत पलीकडे नेतो. कधी कधी मला पलीकडे जायचेच नसते. काहींना काठी धरून मला न्यायचे असते. म्हणजे माझे डोळे धरून मला चालवण्यासारखेच ते आहे. हे सगळे चांगली माणसे करतात. 'मदत हवी आहे का?' एवढे चार शब्द आधी उच्चारले, तर मी हवी असल्यास त्यांच्या कोपराला धरून चालेन, नको असल्यास आभार मानेन. माणसाने कोपर द्यायचे असते, दंड धरायचा नसतो, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

'द सीइंग आय' ज्यांच्यामुळे उभी राहिली, त्या मॉरिस फ्रँक यांची हकीकत मी अनेकदा ऐकली आहे. ते अमेरिकेतल्या नॅशव्हिलचे. सोळाव्या वर्षी त्यांची दृष्टी पूर्ण गेली आणि बाहेर जाण्यासाठी त्यांना एका मुलाला पैसे देऊन बरोबर न्यावे लागे. तो मुलगा कंटाळला की यांचे फिरणे थांबे. १९२७ च्या नोव्हेंबरात डोरोथी यूस्टिस या स्वित्झर्लंडमध्ये राहणाऱ्या अमेरिकन बाईंनी एका साप्ताहिकात लेख लिहिला की, पहिल्या महायुद्धात अंध झालेल्या सैनिकांसाठी जर्मनीत कुत्रे तयार केले जात आहेत. फ्रँक यांच्या वडिलांनी तो लेख त्यांना वाचून दाखवला. फ्रँक यांनी यूस्टिसबाईंना पत्र लिहिले, १९२८ मध्ये स्वित्झर्लंडला जाऊन ते एका जर्मन शेफर्ड कुत्रीबरोबर शिकले आणि तिला 'बडी' असे नाव दिले. परत आल्यावर न्यूयॉर्कच्या वेस्ट स्ट्रीटवरची बेफाम वाहतूक त्यांनी वार्ताहरांच्या देखत तिच्याबरोबर ओलांडली. पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, 'द सीइंग आय' सुरू झाली. तेव्हा फ्रँक वीस-एकवीस वर्षांचे होते.

मला त्या हकीकतीत भावणारी गोष्ट अशी की, रस्ता ओलांडणे हे त्यांच्या लढ्याचे लहानसे अंग होते. त्यानंतरची कित्येक वर्षे त्यांनी हॉटेल, रेल्वे आणि कचेऱ्यांच्या दाराशी उभे राहून लोकांना समजावण्यात घालवली, कारण कुत्र्याला सामानाच्या डब्यात टाका असे त्यांना सांगितले जाई. १९३५ पर्यंत अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांनी गाइड डॉगला प्रवाशाबरोबर बसू देण्याचे मान्य केले. कुत्रीबरोबर चालायला फ्रँक काही आठवड्यांत शिकले; माणसे तयार व्हायला सात वर्षे लागली.

बकुळ (एडिसन)

या धाग्यावर लिहायला मला थोडा संकोच वाटतो आहे. मला कुत्र्यांची भीती वाटते. नऊ वर्षांची असताना सोलापूरला गल्लीतल्या कुत्र्याने पोटरीला चावा घेतला होता आणि त्या काळात पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत. कुत्रा कितीही शिकलेला असला, तरी तो जवळून गेला की माझे हातपाय गार पडतात. मंगळागौरीच्या त्या कार्यक्रमाला मीही होते आणि सगळा वेळ मी सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला बसून काढला. अंध व्यक्तीच्या कुत्र्याला घाबरणे वाईट दिसेल, म्हणून कुणाला काही बोलले नाही. अशा माणसाने काय करावे?

गवतफूल (न्यू जर्सी)

बकुळताई, तुम्ही लिहिलेत हे फार चांगले केलेत, आणि त्या दिवशी तुम्ही आहात हे माझ्या लक्षात आले नाही याचे मला वाईट वाटते. जिथे कुत्रा चावणे म्हणजे रेबीजची टांगती तलवार, तिथे वाढलेल्या माणसाला कुत्र्याची भीती वाटणे स्वाभाविक आहे. यात लाज वाटण्यासारखे काहीच नाही.

पुढच्या वेळी दुरूनच मला हाक मारा आणि 'मला भीती वाटते' एवढे सांगा. मी ओपलला माझ्या दुसऱ्या बाजूला घेईन आणि तिला 'रेस्ट' म्हणजे 'इथेच राहा' अशी आज्ञा देईन. तुमच्यात आणि तिच्यात माझे शरीर असेल. तुम्ही तिच्याकडे पाहू नका, पळू नका, हात वर करू नका, म्हणजे तीही तुमच्याकडे पाहणार नाही. घाबरलेल्या माणसाशेजारी शांत बसणे हाही तिच्या अभ्यासाचा भाग आहे, तेव्हा तुमच्यामुळे तिला अडचण होईल असे समजू नका. पूर्ण शिकलेल्या गाइड डॉगबरोबरच्या व्यक्तीलाही आपण असे सांगू शकतो. तिला दिसत नसते, म्हणून तर ते शब्दांत सांगायला हवे.

लेस्टरवासी (इंग्लंड)

माझी पत्नी अंध आहे आणि गेली सहा वर्षे गाइड डॉगबरोबर वावरते. इथे ही परंपरा १९३१ ची आहे. लिव्हरपूलजवळच्या वॉलसीमध्ये जूडी, फ्लॅश, फॉली आणि मेटा या चार कुत्र्या पहिल्यांदा तयार झाल्या. लोकांना त्यामुळे कुत्रा कामावर आहे हे साधारण कळते. शिकाऊ पिल्लांना इथे निळे जॅकेट असते. हार्नेसवर लाल-पांढरे चौकडे असतील, तर ती व्यक्ती दिसण्याबरोबरच ऐकण्यातही अक्षम आहे असे समजायचे, हे फार थोड्यांना माहीत असते. टॅक्सीवाल्याने गाइड डॉगमुळे भाडे नाकारणे इथे २०१० च्या समता कायद्याने गुन्हा आहे आणि तरीही आम्हाला ते अनेकदा सोसावे लागले आहे. नाकारणाऱ्यांत आपल्याकडचे चालकही होते, हे लिहिताना मला यातना होतात.

पण मला वेगळेच सांगायचे आहे. आम्ही एखाद्या लग्नाला गेलो की लोक येतात, वाकतात आणि कुत्र्याशी बोलू लागतात. त्याचे नाव विचारतात, वय विचारतात, काय खातो ते विचारतात. माझ्या पत्नीचे नाव विचारत नाहीत. काही जण तर तिला काय हवे ते मला विचारतात: 'यांना चहा चालेल का?' ती पंधरा वर्षे गणित शिकवते आहे. चहा चालेल की नाही हे ती स्वतः सांगू शकते.

अनोळखी लोकांना कुत्र्याचे खरे नावही ती सांगत नाही, दुसरेच काहीतरी सांगते. कारण एकदा नाव कळले की सभागृहाच्या पलीकडून कुणीतरी ते मोठ्याने हाकारते आणि कुत्र्याची मान वळते. तिच्या ओळखीतले बरेच गाइड डॉगधारक हेच करतात.

निवृत्तमास्तर (सातारा)

लेस्टरवासी, चहाचा प्रसंग वाचून मी बराच वेळ थांबलो. माझ्या वर्गात एक अंध विद्यार्थी होता आणि मी त्याच्याबद्दलचे प्रश्न त्याच्या शेजारच्या मुलाला विचारत असे. हे आज, इतक्या वर्षांनी, लक्षात आले.

उंबरठा (नाशिक)

माझी शंका फिटली. आजीची पोळी आणि या पिल्लाचा नियम एकाच मायेतून आले आहेत असे आता वाटते. तरी एक विचारते, पाच पिल्ले वाढवून परत द्यायची म्हणजे काळजाचे काय होते?

पाऊलवाट (पेनसिल्व्हेनिया)

तुटते. पहिल्या वेळी आमच्या मुलाने दोन दिवस नीट जेवण केले नव्हते.

प्रशिक्षण संपत आले की संस्था पिल्लू वाढवणाऱ्या कुटुंबाला एकदा मॉरिसटाउनला बोलावते. आम्हाला प्रशिक्षकाच्या मागे बरेच अंतर ठेवून चालायचे असते आणि कुत्र्याला आमचा सुगावा लागू द्यायचा नसतो. बोलायचे नाही, वारा आमचा वास त्याच्याकडे नेईल अशा बाजूला जायचे नाही. आमच्या दुसऱ्या पिल्लाच्या वेळी, गावाच्या मधल्या हिरवळीजवळ, जिथे फ्रँक आणि बडी यांचा पुतळा आहे, तिथून आम्ही त्याला जाताना पाहिले. घरी असताना तो खारीमागे झाडापर्यंत मला ओढत नेत असे. त्या दिवशी एक खार त्याच्या समोरून, चार हातांवरून गेली. त्याने मान किंचित वळवली, पुन्हा सरळ केली आणि एका उघड्या राहिलेल्या तळघराच्या झाकणाला वळसा घालून तो पुढे गेला. प्रशिक्षकाचा चालण्याचा वेग जराही बदलला नाही. माझ्या बायकोने माझे मनगट इतके घट्ट धरले होते की बोटांचे वळ उठले.

पुढे तो एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीला मिळाला. संस्था त्यासाठी पहिल्या कुत्र्याचे दीडशे डॉलर घेते, पुढच्या कुत्र्याचे पन्नास. देणग्यांवर चालणाऱ्या संस्थेला त्याहून कितीतरी जास्त खर्च येतो, पण घेणाऱ्याला आपण दान घेतले असे वाटू नये म्हणून ही रक्कम ठेवलेली आहे. मला त्यांची ही रीत फार पटते.

ओसरी (न्यू जर्सी, मंडळाची स्वयंसेवक)

गवतफूल यांच्या मंडळात मी काम करते, म्हणून कामाचे दोन प्रश्न विचारते. शिकाऊ कुत्र्याला सभागृहात घेणे आम्हाला कायद्याने बंधनकारक आहे का? आणि मूर्तीजवळ कुत्रा आणण्याबद्दल ज्येष्ठ मंडळींची हरकत आली, तर काय करावे?

गवतफूल (न्यू जर्सी)

संघराज्याचा 'एडीए' हा अपंगत्वविषयक कायदा पूर्ण शिकलेल्या कुत्र्यालाच लागू आहे, शिकाऊला नाही. न्यू जर्सी राज्याचा कायदा मात्र प्रशिक्षण देणाऱ्यांनाही शिकाऊ कुत्र्याबरोबर सार्वजनिक जागांत येऊ देतो. धार्मिक संस्थांना 'एडीए' लागू होत नाही, त्यामुळे देवळाने काय करावे हे देवळावर असते. माझ्यापुरते सांगायचे, तर मला कायदा दाखवून आत यायचे नाही. ज्येष्ठांची भावना मला समजते. मी मूर्तीपासून दूर, शेवटच्या रांगेत बसेन, ओपलला अंघोळ घालून आणेन आणि ढोल-ताशा सुरू होण्याआधी तिला बाहेर नेईन, कारण तिचे कान त्या आवाजाला अजून तयार नाहीत. मात्र उद्या एखादी अंध व्यक्ती आपल्या गाइड डॉगबरोबर दर्शनाला आली, तर तिला दाराशी थांबवू नये, एवढी माझी विनंती आपल्या ज्येष्ठांपर्यंत जरूर पोहोचवा.

सूचनेचा मसुदा मी असा केला आहे:

'आज आपल्यात एक शिकाऊ गाइड डॉग आहे. कृपया तिला हात लावू नका. तिला हाक मारू नका. तिला प्रसाद किंवा कोणतेही खाणे देऊ नका. मुलांना तिच्याजवळ धावत जाऊ देऊ नका.'

पांढरीकाठी (पुणे)

एक दुरुस्ती सुचवतो. यात चार वेळा 'नका' आहे. एवढे 'नका' ऐकले की चांगली माणसे घाबरून त्या कुत्र्याबरोबर तिच्या माणसालाही टाळतात. माझ्याबरोबर हे होते. काही चुकेल या धास्तीने लोक माझ्या शेजारची खुर्चीच सोडून देतात आणि मी पूर्ण कार्यक्रमभर एकटा बसतो. गवतफूल यांना दिसते, त्या उठून कुणाशी तरी बोलायला जातील. उद्या येणाऱ्या अंध पाहुण्याला ते जमणार नाही. सूचनेच्या सुरुवातीलाच काय करायचे ते सांगा.

लेस्टरवासी (इंग्लंड)

याला माझ्या पत्नीचे अनुमोदन आहे. तिने आणखी एक सुचवले आहे: मुलांना नुसते अडवू नका, त्यांना काम द्या. 'तिच्याजवळून तिच्याकडे न बघता कोण जाऊन दाखवेल?' असे विचारले की सहा-सात वर्षांची मुले जीव लावून ते करतात, आणि पिल्लालाही तसाच सराव हवा असतो.

गवतफूल (न्यू जर्सी)

दोन्ही सूचना मनापासून पटल्या. बदललेला मसुदा असा:

'आज आपल्यात ओपल ही शिकाऊ गाइड डॉग आहे. तिच्याबरोबर आलेल्या व्यक्तीला नमस्कार करा, शेजारी बसा, गप्पा मारा. जॅकेट अंगावर असेपर्यंत ओपल शाळेत आहे. तिच्याकडे न पाहणे हीच तिला आपली मदत. खाऊ आणि प्रसाद तिला बाधतो, तो आपल्यातच वाटून घ्या. कुत्र्याची भीती वाटत असेल, तर दुरूनच सांगा, आम्ही तिला दूर बसवू.'

ओसरी (न्यू जर्सी, मंडळाची स्वयंसेवक)

हा मजकूर आज छापायला दिला आहे. आरतीआधी व्यासपीठावरून वाचूनही दाखवू. शेवटच्या रांगेतली उजवीकडच्या दाराजवळची खुर्ची तुमच्यासाठी ठेवली आहे आणि तुमच्या शेजारी मी बसणार आहे. ढोल-ताशा पथक सव्वासहाला येईल. निघण्याआधी ते मला फोन करणार आहेत, मी तुम्हाला दहा मिनिटे आधी सांगेन.

बकुळ (एडिसन)

त्याच रांगेत चार खुर्च्या सोडून मलाही एक ठेवा.

गवतफूल (न्यू जर्सी)

ठेवली म्हणून समजा, बकुळताई. ओपल माझ्या डाव्या बाजूला, भिंतीकडे असेल.